स्कॉट वॉकर ‘अचानक’ बदलले नाहीत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

स्कॉट वॉकर यांच्याविषयी लिहिताना ‘साठच्या दशकातला लाडका पॉप गायक अचानक दुर्बोध झाला’ असे सर्रास म्हटले जाते. यातला ‘अचानक’ खोटा आहे. त्यावर विसंबून थेट ‘द ड्रिफ्ट’ (२००६) हा त्यांचा अल्बम लावणारा श्रोता दहा मिनिटांत उठतो.

सुरुवात ‘स्कॉट ३’ (१९६९) मधल्या पहिल्याच गाण्यापासून, ‘इट्स रेनिंग टुडे’पासून करावी. चाल गोड, आवाज भरदार; पण मागे व्हायोलिनांचा ताफा एकमेकांना खेटलेले, बेसूर वाटणारे स्वर धरून बसतो. मधे थोडा विरतो, पुन्हा येतो. पुढचे सगळे बीज या स्वरपुंजात आहे.

मग ‘द वॉकर ब्रदर्स’ या त्यांच्या गटाच्या ‘नाइट फ्लाइट्स’ची (१९७८) पहिली चारच गाणी. वॉकर यांची तेवढीच आहेत. त्यांतले ‘दि इलेक्ट्रिशियन’ दोनदा ऐकावे. ‘क्लायमेट ऑफ हंटर’च्या (१९८४) वेळी त्यांनी वादकांना मुख्य चाल कळूच दिली नाही. चाल ठाऊक असली की वादक नकळत तिला सावरून घेतो आणि गाणे गुळगुळीत होते. तेच त्यांना नको होते. ‘टिल्ट’ (१९९५) त्यानंतर.

‘द ड्रिफ्ट’मधल्या ‘क्लारा’त मांसाच्या मोठ्या तुकड्यावर बुक्के मारलेले ऐकू येतात. याला चमत्कृती म्हणणे अन्यायाचे आहे. गाणे मुसोलिनी आणि त्याची प्रेयसी क्लारा पेटाची यांच्याविषयी आहे. १९४५ मध्ये मिलानच्या चौकात त्यांच्या प्रेतांची जमावाने विटंबना केली. ढोल वाजवला असता तर नाद घुमला असता, ताल धरला गेला असता. मांस घुमत नाही. उरतो तो निव्वळ आघात.

फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नये. तिथे खालचे स्वर गळतात आणि उरतो फक्त ताणलेला, वरच्या पट्टीतला गळा. मग ‘म्हाताऱ्याचा आवाज गेला’ असा गैरसमज होतो. हेडफोन लावा, पण आवाजाची पातळी गाण्यातल्या शांत जागी ठरवू नका, पुढचा स्फोट कान फोडेल. ती सर्वांत मोठ्या आवाजाच्या जागेवरून ठरवावी. ॲपमधली आवाज समान करणारी सोय बंद ठेवावी, गाण्यांचा क्रम मोडू नये, शब्द आधी वाचून घ्यावेत. ‘द ड्रिफ्ट’ सुमारे ६९ मिनिटांचा आहे. पहिल्या वेळी निम्म्यावर थांबलेले बरे.

आपले,
काही श्रोते