डॉक जळालेला नव्हता, परवानगी राहिली होती

संपादक महोदय, स.न.वि.वि.

लिनक्स (विंडोजसारखीच एक ऑपरेटिंग सिस्टीम) वापरणाऱ्यांसाठी चार ओळी छापा. माझ्या लॅपटॉपच्या थंडरबोल्ट पोर्टला (वेगवान जोडणीच्या खाचेला) डॉक, म्हणजे एका वायरवर मॉनिटर, कीबोर्ड, नेट सगळं जोडणारा डबा, लावला तर चार्जिंग होतंय, मॉनिटरवर चित्रही येतंय, पण डॉकला लावलेला कीबोर्ड नि नेटची वायर दोन्ही डेड. दुरुस्तीवाल्याने थेट बोर्ड बदला म्हणून सांगितलं, मी जवळपास तयारही झालो होतो हो!

मग टर्मिनलवर (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'बोल्टसीटीएल लिस्ट' (boltctl list) मारलं तर डॉक दिसला, पण स्टेटस नुसतं 'कनेक्टेड', 'ऑथराइज्ड' (परवानगी दिलेला) नाहीच. तिथलाच लांबलचक यूयूआयडी (डॉकचा ओळख क्रमांक) कॉपी केला, 'बोल्टसीटीएल एन्रोल' (boltctl enroll, म्हणजे नोंदणी) लिहून पुढे चिकटवला, पासवर्ड दिला आणि कीबोर्डचा दिवा पेटला. एन्रोल केलं की ते लक्षात राहतं, दरवेळी नको. कमांडच सापडत नसेल तर आधी बोल्ट (bolt) नावाचं पॅकेज टाका.

ही कटकट उगाच नाहीये, या पोर्टवरून पीसीआय एक्सप्रेस (कॉम्प्युटरच्या आतल्या भागांना जोडणारा मार्ग) जातं म्हणजे जोडलेली वस्तू सरळ मेमरीला हात घालू शकते, म्हणून 2017 मध्ये 4.13 कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) लिनक्समध्ये ही परवानगीची सोय आली. काहीजण बायोसमध्ये (लॅपटॉप सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) सिक्युरिटी 'नन' (none, म्हणजे काहीच नाही) करून मोकळे होतात, मला ते पटत नाही, घराचं कुलूपच काढून ठेवल्यासारखं आहे. आणि हो, ग्नोम (लिनक्सचा एक डेस्कटॉप) वापरणाऱ्यांनी नवीन डॉक स्क्रीन लॉक असताना लावू नये, ग्नोम त्याला अडवून ठेवतो, लॉक उघडून डॉक पुन्हा काढून लावायचा.

— आपला एक नियमित वाचक, पुणे