लेफ्टनंट गव्हर्नरच्या निवडीबाबत कॅनडाच्या पंतप्रधानांना खुले पत्र

माननीय पंतप्रधान महोदय, कॅनडा, यांस

सादर नमस्कार.

प्रांतांचे लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे विधेयकांवर सही करणारे राजाचे प्रांतातले प्रतिनिधी, आपल्या सल्ल्यावरून नेमले जातात, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे. या पदावर राजकारणातली माणसे मुळीच नेमू नयेत, हे मत मला पटत नाही आणि त्याला कारण अल्बर्टाचे जॉन बोवेन आहेत.

बोवेन मूळचे बाप्टिस्ट धर्मोपदेशक. १९२१ साली ते प्रांताच्या विधानसभेत निवडून गेले आणि तिथे काही काळ त्यांनी लिबरल पक्षाचे नेतृत्वही केले. मार्च १९३७ मध्ये पंतप्रधान मॅकेन्झी किंग यांच्या लिबरल सरकारने त्यांना लेफ्टनंट गव्हर्नर केले, तेव्हा प्रांताच्या राजधानीत, एडमंटनमध्ये, सोशल क्रेडिट पक्षाचे विल्यम एबरहार्ट ६३ पैकी ५६ जागा जिंकून सत्तेवर होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तीन विधेयके बोवेन यांच्यापुढे सहीसाठी आली. दोन बँकांसंबंधी होती. तिसरे वृत्तपत्रांना सरकारचे खुलासे छापायला आणि मागताच बातमी कुणी दिली ते सांगायला भाग पाडणारे होते. बोवेन यांनी सही न करता तिन्ही विधेयके गव्हर्नर जनरलच्या, म्हणजे राजाच्या देशपातळीवरच्या प्रतिनिधीच्या, विचारार्थ राखून ठेवली, आणि मार्च १९३८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रांताच्या अधिकाराबाहेरची ठरवली. या लढ्यातल्या नेतृत्वासाठी ‘एडमंटन जर्नल’ या वृत्तपत्राला पुलित्झर या अमेरिकी पत्रकारिता पुरस्काराचा विशेष सन्मान मिळाला. बोवेन यांच्या पदरी वेगळेच पडले. राहते घर, मोटार आणि कचेरीतली माणसे प्रांत सरकारच्या हाती होती. सरकारने गव्हर्न्मेंट हाउसला टाळे लावले, मोटार काढून घेतली, कर्मचारीही काढले. तरीही ते १९५० पर्यंत पदावर राहिले.

बोवेन यांनी स्वतः निवाडा केला नाही, तो करणाऱ्यांकडे पाठवला, याचे मोल मला फार वाटते. पण एबरहार्ट यांच्या मतदारांचा संशयही मी खोटा म्हणणार नाही, कारण विरोधी पक्षाच्या माजी नेत्याने, त्याच पक्षाच्या पंतप्रधानाने नेमलेले असताना, बहुमताची विधेयके अडवली होती. राज्यपाल आणि राज्य सरकारे यांच्यातले असेच वाद आम्ही भारतातून आलेली माणसे वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. तिथे सरकारिया आयोगाने केंद्रातल्या सत्ताधारी पक्षाचा राजकारणी विरोधी पक्षाच्या राज्यात राज्यपाल म्हणून पाठवू नये, अशी शिफारसच केली होती. शिवाय कॅनडाच्या राज्यघटनेत विधेयक राखून ठेवण्याचा अधिकार आजही शाबूत आहे. १९६१ साली सस्कॅचेवान प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर फ्रँक बास्टेडो यांनी तो वापरला, तेव्हा ओटावातल्या केंद्र सरकारलाच निस्तरावे लागले आणि विधेयकाला मंजुरी द्यावी लागली.

२०१२ साली अशा नेमणुकांसाठी सल्लागार समिती स्थापन झाली होती, ती पुढे मागे पडली. ती कायद्याने पुन्हा उभी करावी, तिच्यात संबंधित प्रांतातले सदस्य घ्यावेत, आणि पक्षाचे नेतृत्व केलेल्या व्यक्तीची निवड झाल्यास तिची कारणे नेमणुकीच्या दिवशीच लेखी प्रसिद्ध करावीत, अशी माझी आपल्याला आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
अल्बर्टात राहणारा एक मराठी नागरिक