सांबऱ्याचा इतिहास विमानतळावर लिहा

संपादक साहेब, नमस्कार.

परवा मुंबईच्या पाव्हण्यांना आणायला बेळगावच्या सांबरा विमानतळावर गेलेलो, विमान लेट होतं म्हणून बाहेर थांबलो होतो, तर शेजारी उभा असलेला कॉलेजचा एक पोरगा मित्राला सांगत होता की हे विमानतळ २०१७ ला बांधलंय. अरे बाबा, २०१७ ला झालं ते नवं टर्मिनल! धावपट्टी तुझ्या आज्जाच्या वयाची आहे. पण त्या पोराला बोल लावून काय उपयोग, त्याला कुणी सांगितलंच नाही.

१९४२ साली, दुसरं महायुद्ध चालू असताना, ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सने हा तळ उभारला. इथं ट्रेनिंग चालायचं आणि ब्रह्मदेशात लढणाऱ्या फौजांना रसद पुरवायलाही याचा उपयोग झाला.

पण खरी सांगण्यासारखी गोष्ट १९६१ ची. गोवा मुक्त करायला निघालेल्या फौजेची जमवाजमव बेळगावातच झाली, मेजर जनरल कँडेथ यांच्या १७ व्या इन्फंट्री डिव्हिजनची. १८ डिसेंबरला सकाळी सांबऱ्याहून हवाई दलाच्या १७ व्या स्क्वाड्रनची (तुकडीची) ६ हंटर लढाऊ विमानं उडाली आणि त्यांनी बांबोळीचं वायरलेस स्टेशन रॉकेट आणि तोफांनी उडवलं, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीजांचा बाहेर बोलायचा मुख्य मार्गच बंद. दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकणारी कॅनबेरा विमानं पुण्याची, ती इथली नव्हेत, आपल्याकडं बरेच जण दोन्ही एकत्र करून सांगतात. दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा झाला.

आमचे बाबा तेव्हा चौथीत होते. गोठ्यात शेण काढताना विमानं एवढी खालून गेली की आमचा एक बैल दावं तोडून मसुरीच्या रानात घुसला आणि आज्जा त्याच्या मागं पळत सुटला, हे बाबा अजून सांगतात, आणि सांगताना हात वर करून विमान कसं वळलं ते दाखवतात.

२०२० ला पहिली राफेल विमानं अंबाल्याला उतरली तेव्हा सगळ्या टीव्हीवर तेच चाललं होतं. ती मिळाली याच १७ व्या स्क्वाड्रनला, गोल्डन ॲरोजना. आमच्या गल्लीत कुणाला पत्ता नव्हता की हीच स्क्वाड्रन ६१ ला आपल्या सांबऱ्याहून उडाली होती. मला स्वतःला ते फार उशिरा कळलं, आणि वाईट वाटलं.

आज तिथं एअरमन ट्रेनिंग स्कूल आहे. हवाई दलात एअरमन, म्हणजे जवान, म्हणून भरती झालेली देशभरातली पोरं पहिलं ट्रेनिंग इथं घेतात आणि मग आपापल्या ट्रेडच्या ट्रेनिंगला दुसरीकडं जातात. डिसेंबर २०२३ मध्ये अग्निवीरवायू (अग्निपथ योजनेतून हवाई दलात भरती झालेल्या) मुलींची पहिली बॅच इथूनच पास होऊन बाहेर पडली. सुट्टीला ही बारीक केसांची पोरं बाजारात कुंदा घेताना दिसतात, तेवढीच आपली त्यांच्याशी ओळख.

माझी मागणी एवढीच आहे की टर्मिनलच्या आत, बसायच्या जागेजवळ, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत या तळाची माहिती फोटोंसकट लावावी. आणि सांबरा, मुतगे, बाळेकुंद्री भागातल्या शाळांनी येत्या १८ डिसेंबरला गावातल्या ज्यांनी ती सकाळ पाहिली त्यांना वर्गात बोलवावं. तेव्हाचं दहा वर्षांचं पोर आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे. आमचे बाबा यायला तयार आहेत, फक्त जिना नको, गुडघे दुखतात त्यांचे.

– एक वाचक, मुतगे (ता. बेळगाव)