सतरा नंबरच्या फॉर्मची तारीख ठळक छापा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नव्या वर्षाच्या पुरवणीतला ध्येय गाठण्यावरचा लेख वाचला. त्यात पहाटे पाचला उठायला सांगितलंय. मी चारला उठते. इचलकरंजीत माझी छोटी खानावळ आहे. मागावरची रात्रपाळी सुटायच्या आत दीडशे चपात्या लागतात.

मी 1991 साली सातवीतून शाळा सोडली. दहावी व्हायचं, असं कितीतरी वर्षं नुसतं म्हणत होते. एका वर्षी मनावर घेतलं, तर बाहेरून बसणाऱ्यांच्या सतरा नंबरच्या फॉर्मची मुदत टळून गेलेली. ती बातमी तुमच्याच पेपरात आतल्या पानावर चार ओळींत आली होती. लेकीनं रद्दीतून काढून दाखवली.

पुढच्या वर्षी आधी शाळा सोडल्याच्या दाखल्यामागे लागले. गावच्या शाळेत दोन खेपा झाल्या. दाखल्यावर जन्मतारीख 1 जून! गुरुजींनी निम्म्या वर्गाला तीच दिलेली. आधारवर वेगळीच. (आई म्हणायची, तू बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशीची.) त्या घोळात महिना गेला आणि फॉर्म विलंब शुल्क देऊन भरावा लागला.

मग फेब्रुवारीच्या परीक्षेपासून कॅलेंडर मागे मागे मोजत आले. कणीक मुरते तेवढी पंचवीस मिनिटं आणि दुपारचा एक तास, एवढंच हाती लागलं. त्यात सगळं मावणार नव्हतं, म्हणून काय सोडायचं ते आधी ठरवलं. त्रिकोणमिती सोडली. अर्थनियोजनाचा धडा घट्ट धरला. बचत गटाची वही मीच लिहिते, जीएसटीला काय घाबरायचं? अंकगणिती श्रेढी, म्हणजे सारख्या फरकानं पुढं जाणारे आकडे, चपात्यांच्या चवडीवर समजली. इंग्रजीची धास्ती होती, पण उताऱ्यावरच्या बऱ्याच प्रश्नांचं उत्तर उताऱ्यातच असतं हे कळल्यावर जरा धीर आला. वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात 35 लिहिलंय, नव्वद नाही.

जड गेलं ते दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी सोडणं. चकलीवर लेकीची क्लासची फी निघायची. जाऊबाई अजून टोमणे मारतात.

निकालाच्या दिवशी तुम्ही पैकीच्या पैकीवाल्यांचे फोटो दोन पानं भरून छापता. छापा. पण फॉर्म निघाला की एक ठळक चौकट आम्हालाही द्या: अर्जाची शेवटची तारीख, विलंब शुल्काची तारीख, लागणारी कागदं, मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्राचं कसं करायचं, आणि तालुक्यातलं संपर्क केंद्र कुठलं. खानावळीत तुमचा पेपर येतो. जेवायला येणाऱ्यांतली पाच-सहा पोरं दहावी करायची म्हणतात. ती चौकट मी ताटांच्या मांडणीशेजारी भिंतीला चिकटवीन.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी