बाणांवर शब्द लिहायला शिकवणाऱ्या मार्गदर्शिकेस

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन वर्गातील गटकार्याविषयी आपण आम्हा शिक्षकांना जे प्रशिक्षण दिलेत, त्याचे आभार इतर शिक्षकांच्याही वाचनात यावेत, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

सर्वांना एकाच वेळी लिहिता येणाऱ्या सामायिक ऑनलाइन फलकावर रंगीत चिठ्ठ्यांची गर्दी झाली म्हणजे सहकार्य झाले असे नव्हे, हे आपण आरंभीच स्पष्ट केलेत आणि आम्हाला संकल्पना नकाशाकडे, म्हणजे संकल्पना चौकटींत लिहून त्या बाणांनी जोडणाऱ्या आकृतीकडे, वळवलेत. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोवाक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात विकसित केलेल्या या पद्धतीत दोन संकल्पना नुसत्या रेषेने जोडून चालत नाही. त्यांचा संबंध सांगणारे शब्द त्या रेषेवर लिहावे लागतात. ‘तापमान’ आणि ‘बाष्पीभवन’ या चौकटी काढताना विद्यार्थ्यांत वाद होत नाही, परंतु मधल्या बाणावर ‘घडवून आणते’ लिहावे की ‘वेग वाढवते’, हा प्रश्न आला की एरवी मौन पाळणारा गटही बोलू लागतो. कारण बाष्पीभवन कमी तापमानालाही होतच असते, हे कोणीतरी दाखवून देते आणि बाणावरचे शब्द बदलावे लागतात. माझ्या मते चित्ररूप साधनांचे खरे मोल या खोडाखोडीतच आहे.

आधी प्रत्येकाने फलकाच्या आपल्या कोपऱ्यात एकट्याने लिहावे, चर्चा नंतर व्हावी, हा आपला आग्रहही मोलाचा ठरला. एरवी पहिल्या चिठ्ठीतले मतच पुढच्या चिठ्ठ्यांवर फिरत राहते. (रंग मोजके ठेवण्याची आपली सूचना मात्र विद्यार्थ्यांना अजूनही पटत नाही.)

आपण भर साधनावर न देता पद्धतीवर दिलात, याचे महत्त्व गूगलने २०२४ च्या अखेरीस जॅमबोर्ड हा आपला ऑनलाइन फलक बंद केला तेव्हा विशेष जाणवले. फलक बदलला, तरी आमच्या कामाची रीत बदलावी लागली नाही.

एक विनंती आहे. बाण आणि चौकटींनी भरलेला फलक दृष्टिबाधित विद्यार्थ्यांना स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीवर) नीट उलगडत नाही. सध्या आम्ही प्रत्येक जोडणी पूर्ण वाक्यात लिहून सोबत देतो, परंतु त्यामुळे नकाशा घडत असताना त्यांना त्यात भाग घेता येत नाही. या विषयावर आपण एक सत्र घ्यावे, ही नम्र विनंती.

आपली कृतज्ञ,
एक विज्ञान शिक्षिका