मरीनापासून सुरुवात करू नकोस

सोलापूर

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

नोकरीचं पत्र आल्यापासून चेन्नईबद्दल तू दोनच गोष्टी विचारल्यास: ओएमआरवर (जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर) खोली कुठे घेऊ आणि मरीना बीच तिथून किती लांब.

आधी खोली. तळमजला घेऊ नकोस. तिकडचा खरा पाऊस जूनमध्ये येत नाही, ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो. तुमच्या आयटीवाल्यांच्या काचेच्या इमारती उभ्या आहेत त्या भागात पल्लिकरणैची दलदल पसरलेली होती. तिचा मोठा भाग बुजवला गेला. उरली तिला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा मान मिळाला, आणि तिथे हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात तेही बघ. पण डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदी फुगली तेव्हा शहराचा दक्षिण भाग पाण्यात होता. एजंट हे सांगणार नाही, तूच शेजारीपाजारी विचार की त्या वर्षी पाणी कुठवर चढलं होतं.

आता मरीना. जाशीलच, पण सुरुवात तिथून करू नकोस. ती वाळू कुठून आली हे कळायचं तर आधी उत्तरेला जायला हवं.

मद्रासला नैसर्गिक बंदर नव्हतंच. १६३९ मध्ये इंग्रजांनी तिथल्या नायकाकडून, म्हणजे स्थानिक सत्ताधाऱ्याकडून, जागा मिळवली आणि उघड्या किनाऱ्यावर किल्ला बांधला. जहाजं लांब समुद्रात नांगर टाकून उभी राहायची आणि माणसं, माल सगळं फुटत्या लाटांतून मसुला होड्यांनी काठावर आणायचे. त्या होड्यांना खिळा नसे. फळ्या काथ्याने शिवलेल्या, त्यामुळे लाट आदळली तरी होडी फुटत नसे, जराशी लवायची. पुढे १८७५ च्या सुमारास समुद्रात भिंती घालून बंदर बांधायला घेतलं. १८८१ च्या वादळाने त्याची वाट लावली, तरी पुन्हा बांधलं. त्या किनाऱ्यावर वाळू वर्षभरात एकंदरीत दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते. भिंतींनी ती अडवली. दक्षिणेला साचत गेली, तोच आजचा रुंद मरीना. गव्हर्नर ग्रँट डफने १८८० च्या दशकात तिथे फिरायचा रस्ता करून हे नाव दिलं. आणि उत्तरेला, रोयापुरमपासून तिरुवोट्टियूरपर्यंत, वाळू पोचेनाशी झाली. समुद्र जमीन खात आला, कोळ्यांच्या वस्त्या मागे हटल्या, शेवटी किनाऱ्यावर दगडांचे बांध घालावे लागले. चौपाटी एकाला मिळाली, किंमत दुसऱ्याने मोजली. सहलीच्या माहितीपत्रकांत ही दुसरी बाजू नसते.

बँकेच्या बदलीवर मी तिथे होतो तेव्हा आमची शाखा जॉर्ज टाउनमध्ये होती, म्हणून माझा ओढा उत्तरेकडे, असं आई म्हणते. म्हणू दे. पहिल्या रविवारी पहाटे काशिमेडूच्या मासळी बंदरावर जा. चप्पल जुनी घाल. तिथून जवळच रोयापुरमचं स्टेशन आहे, १८५६ चं. दक्षिणेतली पहिली प्रवासी गाडी तिथूनच सुटली. मग हायकोर्टाची लाल इमारत. तिच्या घुमटावर एके काळी दीपगृह होतं. सप्टेंबर १९१४ मध्ये एम्डेन या जर्मन युद्धनौकेने शहरावर तोफा डागल्या, त्याची आठवण सांगणारी पाटी कोर्टाच्या आवाराच्या भिंतीवर आहे. आणि तंबू चेट्टी स्ट्रीटवरचं कालिकांबाळ देवीचं देऊळ चुकवू नकोस. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी, १६७७ मध्ये, शिवाजी महाराज इथे दर्शनाला येऊन गेले, असं देवळातले लोक अभिमानाने सांगतात. तू महाराष्ट्रातली म्हटल्यावर पुजारी ते पुन्हा सांगेल, ऐकून घे. इंग्रजांच्या त्या किल्ल्यात आता विधानसभा आणि सचिवालय आहे. आतलं सेंट मेरी चर्च १६८० चं.

एवढं झालं की खुशाल मरीना. पहाटे जा, सूर्य समुद्रातून वर येतो. दुपारी वाळू पाय भाजते. पाण्यात उतरायचं नाही, पाण्याची आतली ओढ वाईट आहे आणि पोलीसही हाकलतात. सुंडल खा, म्हणजे उकडलेलं कडधान्य, कच्चा आंबा आणि खोबरं घातलेलं. धोंडा ढकलणाऱ्या चार मजुरांचा पुतळा दिसेल, शिल्पकार देवीप्रसाद रॉयचौधुरींचा, १९५९ चा. तो तिथेच असणं योग्य आहे: देशातला पहिला मे दिन १९२३ मध्ये कामगार नेते सिंगारवेलरांनी मद्रासच्या किनाऱ्यावरच साजरा केला.

मैलापूरला मात्र एका संध्याकाळीत आटपू नकोस. कपालीश्वराचं मूळ देऊळ समुद्रकाठी होतं, ते पोर्तुगीजांच्या काळात गेलं आणि आताचं नंतर आत बांधलं. सॅन थोमचं चर्च तिथून चालत जाण्याइतकं. देवळाभोवतीच्या रस्त्यांवर फुलं, पितळेची भांडी, कॉफीची दळलेली पूड. घराला कॉफी तिथूनच आण, मॉलमधून नको.

महाबलीपुरमला सगळेच नेतील, त्यामुळे लिहीत नाही. एवढंच की शनिवार-रविवार टाळ. जाता-येता चोळमंडल बघ, चित्रकारांनी १९६६ मध्ये स्वतःच्या कष्टाने वसवलेलं गाव. आणि जानेवारी ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं किनाऱ्यावर अंडी घालायला येतात. विद्यार्थ्यांचा एक गट रात्री लोकांना सोबत घेऊन किनारा पालथा घालतो, घरटी शोधून अंडी सुरक्षित जागी हलवतो. रात्रभर चालावं लागतं आणि कासव दिसेलच असं नाही. तरी जा.

आम्ही डिसेंबरअखेर येतो, मार्गळी या तमिळ महिन्यातल्या संगीत महोत्सवात. म्युझिक अकादमीची संध्याकाळची तिकिटं मिळाली तर काढ, नाहीतर जीव टाकू नकोस. दुपारी नव्या मुलांच्या कच्चेरी, म्हणजे मैफली, बहुतेक सभांमध्ये (तिकडे संगीतसंस्थेला सभा म्हणतात) फुकट असतात आणि मला त्याच जास्त आवडतात. आईचं लक्ष सभेच्या कँटीनवर आहे, हे तुला सांगायला नकोच.

तुझे,
बाबा

ता. क. खोलीच्या मालकाला पाण्याची सोय लेखी विचार. २०१९ च्या उन्हाळ्यात शहराचे तलाव आटले होते आणि माणसं टँकरमागे धावत होती. पूर आणि टंचाई, दोन्हीची चौकशी एकाच फेरीत करून टाक.