नव्वद टक्क्यांच्या खूप आधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की गरीब घरच्या गुणवंत मुलांची माहिती वर्तमानपत्रांत येते आणि वाचक मनापासून पैसे पाठवतात. त्या मुलांना ते मिळायलाच हवेत. पण सोलापुरातल्या एका अनुदानित शाळेच्या कार्यालयात लिपिक म्हणून माझी सगळी नोकरी गेली. जनरल रजिस्टर, म्हणजे मुलांच्या प्रवेशाची आणि शाळा सोडल्याची नोंदवही, माझ्याकडेच असायचं. त्यामुळे मला ठाऊक आहे की मदत पोचेपर्यंत त्याच वस्तीतली कितीतरी मुलं शाळेतून निघून गेलेली असतात.

आमची शाळा पूर्व भागातली. मुलं विडी कामगारांची आणि यंत्रमागावर राबणाऱ्यांची. पुष्कळांच्या घरी तेलुगू बोलतात. असं मूल सहाव्या वर्षी थेट मराठी माध्यमाच्या पहिलीत बसलं की बाई काय म्हणतात तेच त्याला उमगत नाही. ते गप्प बसतं. त्रास देत नाही, म्हणून भरल्या वर्गात त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. चौथीत आलं तरी धड वाचता येत नाही. आठवीपर्यंत वरच्या वर्गात ढकललं जायचं आणि नववीत पहिल्यांदा नापास व्हायचं. मग आई दाखला मागायला यायची. शाळा सोडण्याचं कारण म्हणून मी 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहायची. खरं कारण दहा वर्षांपूर्वीचं असायचं, आणि दाखल्यावर त्याला रकाना नाही.

हीच मुलं तिसऱ्या वर्षी बालवाडीत आली असती तर गाणी म्हणता म्हणता त्यांना मराठी आलं असतं. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत आणि पुढे कोसबाडला हेच दाखवून दिलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत तर शाळाच आदिवासी पाड्यावरच्या अंगणात न्यायची, असा त्यांचा खाक्या होता. पण आपला शिक्षण हक्क कायदा हमी देतो ती 6 ते 14 वयाची. त्याआधीच्या तीन वर्षांसाठी राज्यघटनेच्या 45 व्या कलमात सरकारनं प्रयत्न करावा एवढंच म्हटलं आहे. दुसरं टोकही तसंच. 25 टक्के राखीव जागांतून खासगी शाळेत गेलेल्या मुलाची मोफत फी आठवीला संपते आणि नववीत पूर्ण फीचा कागद घरी येतो. म्हणजे कायद्याचा हात जिथं पोचत नाही, नेमकी तिथंच देणगीदारांची गरज आहे.

आम्ही चार सहकारी बायकांनी दर महिन्याच्या पगारातून थोडे थोडे बाजूला काढून एका मुलीचं शिक्षण अंगावर घेतलं. नाव लिहीत नाही, ते तिचं आहे. 2006 च्या जूनमध्ये ती बालवाडीत आली. आई विड्या वळायची, वडील मागावर रात्रपाळीला. सुरुवातीची वर्षं फार स्वस्तात गेली. बालवाडीची फी, पावसाळ्यात छत्री, डोळे तपासून चष्मा, एवढंच.

खरी कसोटी नववीत लागली. फीचा प्रश्नच नव्हता, मुलींना आपल्याकडे बारावीपर्यंत फी माफ आहे. पण आईचा हिशेब वेगळा होता आणि तो चुकीचाही नव्हता. पोरीचा हात आता भरभर चालत होता. ती दुपारी आईजवळ बसली तर हजारातल्या तीन-चारशे विड्या तिच्या होत, आणि मजुरी तर हजारावर मिळते. आम्ही ती दोन वर्षं दरमहा ठरावीक रक्कम आईच्या हातात दिली. यावर पुष्कळजण नाक मुरडतील, कारण हा पैसा शिक्षणावर खर्च झाला अशी पावती मिळत नाही. पण त्याच पैशानं तिच्या मांडीवरचं विड्यांचं सूप उतरलं आणि तिथं वही आली. वह्या-दप्तरं वाटून हे झालं नसतं.

2019 साली तिला दहावीला 61 टक्के मिळाले. कोणत्याही गुणवंतांच्या यादीत ती बसली नसती. बारावी कोरोनात अडकली. त्या वर्षी परीक्षाच रद्द झाली. घरात एकच साधा मोबाइल होता, तेव्हा आमचा पैसा स्मार्टफोन आणि रिचार्जवर गेला. मग तीन वर्षांचा जीएनएम नर्सिंगचा अभ्यासक्रम. आज ती एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे आणि धाकट्या भावाच्या आयटीआयचा खर्च स्वतः करते.

पैशाइतकीच गरज कागदपत्रांच्या मदतीची असते, हे माझ्यासारख्या कारकुनाला चांगलं कळतं. विडी कामगारांच्या मुलांना केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, पण त्यासाठी आईचं ओळखपत्र लागतं. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, पण उत्पन्नाचा दाखला वेळेत हवा. तेलुगू आडनाव आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरं आणि बँकेच्या पासबुकावर तिसरं असतं, आणि तेवढ्यावरून मंजूर झालेले पैसे अडकतात. 2024-25 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण व परीक्षा शुल्क माफ झालं, ही फार मोठी गोष्ट आहे. तरी ज्या घरात कॉलेजात गेलेलं कुणीच नाही, तिथं प्रवेशफेरीत कोणती कॉलेजं हवीत, तो पर्यायांचा अर्ज भरायचा कुणी? ज्याला हे येतं त्यानं महिन्यातली एक सकाळ दिली तरी ती मोठी देणगी आहे.

देणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. एका जूनमध्ये शंभर मुलांना मदत करण्यापेक्षा चार-पाच जण मिळून एकच मूल धरा आणि नोकरीला लागेपर्यंत सोडू नका. एकट्यानं घेऊ नका. माणूस आजारी पडतो, बदली होते, गट असला की हप्ता चुकत नाही. मार्क कमी पडले म्हणून पैसे थांबवू नका, त्याच वर्षी त्याला जास्त गरज असते. आणि मदत स्वीकारताना मुलाचा फोटो काढू नका. ते मोठं होतं आणि तो फोटो त्याला पाहावा लागतो.

आपल्याकडेही एक मागणं आहे. बालवाड्यांचे प्रवेश जूनमध्ये होतात. दहावीच्या निकालाआधी, एप्रिलमध्येच, आपल्या शहरातल्या वस्त्यांमधल्या बालवाड्यांची आणि त्या चालवणाऱ्या संस्थांची माहिती द्या. किती मुलांना जागा आहे, वर्षाला खर्च किती, कुणाला भेटायचं, एवढं छापलं तरी पुरे. पूर्व भागातली माहिती गोळा करून देण्याचं काम मी आनंदानं करीन.

आपली,
एक निवृत्त शालेय लिपिक, सोलापूर